वीस तासांचं गणित

सहावं सेमिस्टर सुरू झालं की आपल्या कॉलेजात दोन पंथ पडतात. एक प्लेसमेंटवाले आणि दुसरे जीआरईवाले. पहिले ॲप्टिट्यूडची गणितं सोडवत बसतात, दुसरे इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करत. दुसऱ्या पंथात भरती कायम जोरात असते. कुठली युनिव्हर्सिटी 'सेफ', कुठली 'ॲम्बिशस', एसओपी कोणाकडून तपासून घ्यायचं, हे सगळं ऐकून ऐकून न जाणाऱ्यांनाही तोंडपाठ झालं आहे. चर्चा अगदी रंगात आलेली असते, आणि मग कोणीतरी खर्चाचा विषय काढतो. चाळीस लाख... पन्नास लाख... क्षणभर सगळे गप्प. आणि मग ते सुप्रसिद्ध वाक्य येतं, "अरे टेन्शन काय घेतोस, पार्ट-टाइम करून निघतं सगळं!"

हा लेख त्या एका वाक्याविरुद्ध आहे.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो, पार्ट-टाइम कामाविरुद्ध माझी काहीच तक्रार नाही. परदेशात शिकायला जाणाऱ्या प्रत्येकाने ते जरूर करावं, अगदी घरची परिस्थिती चांगली असली तरी करावं. माझं म्हणणं एवढंच, की त्या कामातून पोट भरतं, फी भरत नाही. हा साधा फरक विसरून जे कर्जाच्या कागदांवर सह्या करतात त्यांचे दोन वर्षांनी काय हाल होतात, ते आपल्याच सीनियर्सना विचारा. पार्टीत नको, एकट्यात विचारा.

आता आपण इंजिनिअर आहोत, तेव्हा आकडेमोड करूनच बघू. अमेरिकेचं उदाहरण घेऊ, कारण आपल्यातले बरेच जण तिकडेच बघत असतात. तिथल्या एफ-१ व्हिसावर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं, तेही कॅम्पसवर. पहिल्या शैक्षणिक वर्षात कॅम्पसबाहेर काम करायला परवानगीच नाही. पुढे सीपीटीसारख्या सोयी आहेत, पण ते काम तुमच्या अभ्यासक्रमाशी निगडित असावं लागतं. मॉलमधल्या दुकानात कपड्यांच्या घड्या घालणं त्यात बसत नाही.

अमेरिकेतलं केंद्रीय किमान वेतन २००९ पासून तासाला सव्वासात डॉलरवर अडकलेलं आहे. बऱ्याच राज्यांत आणि कॅम्पसवर त्याहून जास्त मिळतं. आपण उदार मनाने १२ डॉलर धरू. २० तासांचे झाले २४० डॉलर. चार आठवड्यांचे ९६०. डॉलरचा भाव हिशेबाला ९० रुपये धरला तर महिन्याला ८६ हजार चारशे रुपये! कॅम्पस प्लेसमेंटमध्ये साडेतीन लाखांचं पॅकेज मिळालेल्या मित्राकडे बघून आपल्याला वाटतं, हा वेडा इथे काय करतोय?

गंमत इथेच आहे. कमाईला आपण ९० ने गुणतो, पण खर्चाला गुणायचं सोयीस्कर विसरतो. चौघांत मिळून घेतलेल्या घराचं आपल्या वाट्याचं भाडं समजा ५५० डॉलर. घरी स्वयंपाक करून खाण्यापिण्याचे २०० डॉलर. वीज, इंटरनेट, फोन, बस मिळून ११०. एकूण ८६०. उरले किती? १०० डॉलर. यात टॅक्स धरला नाही, युनिव्हर्सिटीने सक्तीने घ्यायला लावलेला आरोग्य विमा धरला नाही, थंडीचं जॅकेट धरलं नाही, आणि दात दुखला तर काय, हेही धरलं नाही.

पण शंभर डॉलर उरले म्हणूनही लगेच खूष होऊ नका. सेमिस्टर साधारण १६ आठवड्यांचं असतं. दोन मिळून ३२ आठवडे. म्हणजे वर्षाची कमाई ७,६८० डॉलर. घरमालक मात्र भाडं बाराही महिने घेतो आणि भूकही बाराही महिने लागते. ८६० गुणिले १२ म्हणजे १०,३२० डॉलर. वर्षाअखेर खात्यात २,६४० डॉलरचा खड्डा! सुट्टीत पूर्णवेळ काम करायची मुभा असते हे खरं, पण सुट्टीत कॅम्पसच रिकामा होतो, मेस बंद होतात, मग काम कुठलं? आणि लक्षात घ्या, या हिशेबात फीचा अजून एक डॉलरही आलेला नाही.

फी सोडा, निदान व्याज तरी निघतं का बघू. ४० लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज. सगळे हप्ते उचलून झाले की वर्षाला ४ लाख ४० हजार, म्हणजे महिन्याला साडेछत्तीस हजारांच्या वर नुसतं व्याज. पार्ट-टाइममधून महिन्याला उरणाऱ्या शंभर डॉलरचे होतात नऊ हजार. उरलेले साडेसत्तावीस हजार कोण भरणार? ते बाबांच्या पगारातून, नाहीतर आईच्या पाटल्यांतून जाणार. आपल्याकडे म्हण आहे ना, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसलीच ही तऱ्हा. न मिळालेल्या नोकरीचे न मिळालेले डॉलर आपण आधीच खर्च करून बसलेलो असतो.

बरं, ते २० तास मिळतीलच याची तरी खात्री आहे का? कॅम्पसवरची कामं मोजकी. मेसमध्ये भांडी घासणं, वाढणं, लायब्ररीच्या काउंटरवर बसणं, जिममध्ये टॉवेल देणं, कॉम्प्युटर लॅब सांभाळणं, टपाल वाटणं. यातल्या काही जागा सरकारी 'वर्क-स्टडी' योजनेतल्या असतात, त्या परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाहीत. उरलेल्या जागांसाठी ऑगस्टमध्ये उतरलेली अख्खी पलटण रांगेत उभी. काम मिळालं की मग त्या पत्राच्या आधारे सोशल सिक्युरिटी नंबरसाठी अर्ज करायचा, त्यात आणखी काही दिवस जातात. थोडक्यात, पहिलं सेमिस्टर बरेचदा घरून नेलेल्या पैशांवरच काढावं लागतं.

मग हे वाक्य पसरवतं कोण? सगळ्यांत पुढे असतात ते कन्सल्टंट. हॉटेलच्या हॉलमध्ये सेमिनार, प्रोजेक्टरवर हिरवळीचे फोटो, मध्यंतरात सामोसा. एखादे काका धीर करून विचारतात, "साहेब, परतफेडीचं कसं?" साहेब हसून म्हणतात, "सर, तिकडे मुलं पार्ट-टाइममध्येच सगळं कव्हर करतात." काकांचा जीव भांड्यात पडतो. पण साधी गोष्ट बघा. ज्या देशात आपण जाणार, तो देश आपल्या या भावी कमाईवर काडीचाही विश्वास ठेवत नाही. आय-२० मिळण्याआधी पहिल्या वर्षाची फी आणि राहण्याचा खर्च भागवण्याइतके पैसे आहेत हे दाखवावं लागतं. जर्मनीला जायचं तर राहण्याखाण्यासाठी वर्षाचे ११,९०४ युरो आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरून ठेवा, असा २०२४ च्या सप्टेंबरपासूनचा आकडा आहे. कॅनडाने २०२४ च्या जानेवारीत हीच रक्कम १०,००० डॉलरवरून एकदम २०,६३५ वर नेली आणि नंतर ती आणखी वाढवली. जिथे नोकऱ्या आहेत तेच देश सांगतात की बाबा, नोकरीच्या भरवशावर येऊ नकोस. आणि आपण ऐकतो कोणाचं? सामोसा देणाऱ्याचं!

तासांची मर्यादाही सगळीकडे आहे. ब्रिटनमध्ये डिग्रीच्या विद्यार्थ्याला टर्म चालू असताना आठवड्याला २० तास, कॅनडात २०२४ च्या नोव्हेंबरपासून कॅम्पसबाहेर २४ तास, ऑस्ट्रेलियात २०२३ च्या जुलैपासून पंधरवड्याला ४८ तास. या मर्यादेचा आपल्या लोकांना फार राग येतो. मला वाटतं ती थोडीफार आपल्याच भल्याची आहे. आठवड्याचे २० तास म्हणजे जाणं-येणं धरून २५. मास्टर्सला तीन विषय जरी घेतले तरी असाइनमेंट्स, प्रोजेक्ट, क्विझ यांचा मारा असा असतो की इथली पीएल म्हणजे पिकनिक वाटावी. इथे आपण वर्षभर कट्ट्यावर बसून शेवटच्या पंधरा दिवसांत उरकतो, तिथे दर आठवड्याला काही ना काही जमा करायचं असतं. पहाटे सहाची शिफ्ट करून दहाच्या लेक्चरला डुलक्या काढणारा मुलगा दीडशे डॉलर कमावतो आणि 'ए'चा 'बी' करून घेतो.

आता म्हणाल, 'बी'ने काय बिघडतं? तिथेच तर खरी मेख आहे. अमेरिकेत फीचा भार खरोखर हलका करणारी कामं म्हणजे टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिप. त्यात बऱ्याच ठिकाणी फी पूर्ण किंवा काही अंशी माफ होते, वर महिन्याला स्टायपेंड. मास्टर्सवाल्यांना अशा जागा कमी मिळतात, पण मिळतात त्या ग्रेड आणि प्रोफेसरशी असलेली ओळख यांच्या जोरावर. म्हणजे जो मुलगा फीसाठी म्हणून भांडी घासण्यात रात्री घालवतो, तो फी वाचवण्याचा खरा रस्ता स्वतःच बंद करत असतो. उन्हाळ्यातली इंटर्नशिपही अशीच. तिचे तीन महिने मेसमधल्या वर्षभराच्या कमाईला सहज मागे टाकतात, पण ती मिळवायला रेझ्युमे लागतो, आणि रेझ्युमेत भरायला प्रोजेक्ट लागतात.

या बाबतीत जर्मनीचं गणित थोडं वेगळं आहे, तेही सांगायला हवं. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी जवळपास नाहीच. अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४ पासून नव्याने येणाऱ्यांना फी लावली आहे. कामाला वर्षातून १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस मुभा आहे (२०२४ च्या मार्चपूर्वी हे आकडे १२० आणि २४० होते), आणि किमान वेतन २०२६ च्या जानेवारीपासून तासाला १३.९० युरो. फीचा डोंगर नसल्यामुळे तिथे पार्ट-टाइमवर राहणं-खाणं खरंच निघू शकतं. शिवाय विद्यापीठातला 'हिवी' किंवा कंपनीतला 'वेर्कष्टुडंट' म्हणून काम मिळालं तर ते आपल्या विषयातलंच असतं. पण साधं कॅफेत काम करायचं तरी जर्मन बोलता यायला हवं. इथे 'ए-वन'चा क्लास अर्धवट सोडून गेलेल्यांना हे तिथे गेल्यावर कळतं. म्हणजे फिरून फिरून भोपळे चौकात! तिथेही पार्ट-टाइमने पोटच भरतं. फरक एवढाच की फीच नाही.

आता त्या विषयाकडे वळतो, ज्याबद्दल सगळे कुजबुजतात पण कोणी लिहीत नाही. कॅशवरचं काम.

२० तासांत भागेना, घरून हप्त्याचा फोन आला, की कोणीतरी हळूच सुचवतो, "अमक्या पेट्रोल पंपावर रात्रीचा माणूस पाहिजे. कॅश देतो. कोणाला कळत नाही." मालक बहुतेक वेळा आपल्याकडचाच. 'बेटा' म्हणतो, दिवाळीला मिठाईचा डबा देतो. पण परवानगी नसलेलं काम केलं की व्हिसाचा दर्जा जाऊ शकतो, हे त्यालाही माहीत असतं आणि आपल्यालाही. मग तो तासाचे सात देवो नाहीतर चार देवो, आपण तक्रार कोणाकडे करणार? तक्रार करायला गेलो तर आधी आपणच पकडले जाणार. म्हणजे नियम मोडणारे दोघे, पण मानेवर सुरी एकाच्याच.

हे मी कल्पनेने लिहीत नाही. ऑस्ट्रेलियात २०१५ च्या ऑगस्टमध्ये एबीसी वाहिनीच्या 'फोर कॉर्नर्स' कार्यक्रमाने आणि फेअरफॅक्सच्या वृत्तपत्रांनी सेव्हन-इलेव्हन या दुकानांच्या साखळीतला प्रकार उघड केला. काम करणाऱ्यांत परदेशी विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. तेव्हा मर्यादा पंधरवड्याला ४० तासांची होती. दुकानदार त्यांच्याकडून दुप्पट काम करून घ्यायचे आणि वहीत निम्मे तास लिहायचे. म्हणजे कागदावर सगळं नियमात आणि प्रत्यक्षात निम्मा पगार. कोणी तोंड उघडलं की धमकी तयार, "तू मर्यादेपेक्षा जास्त काम केलंस, इमिग्रेशनला कळवू का?" पुढे कंपनीला बुडवलेल्या पगारापोटी १५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त रक्कम परत करावी लागली. हे झालं एका गाजलेल्या साखळीत, जिथे निदान वह्या होत्या. जिथे वहीच नाही त्या पंपावर काय चालत असेल, विचार करा.

असा मुलगा कॅशच्या कामाला का जातो? तो लोभी असतो म्हणून? बहुतेक वेळा नाही. तो जातो कारण इथून निघतानाच त्याचं गणित चुकलेलं असतं. त्याने फीसुद्धा पार्ट-टाइममधून काढायची ठरवलेली असते. २० तासांत ती निघत नाही, म्हणून चाळीस तास, मग कायद्याबाहेर. म्हणूनच त्या सुप्रसिद्ध वाक्याला मी नुसतं चुकीचं म्हणत नाही, धोकादायक म्हणतो.

शेवटचा मुद्दा लाजेचा. बाहेर गेलेला मुलगा मेसमध्ये भांडी घासतो आणि घरी फोनवर सांगतो, "लायब्ररीत काम करतो." आई मावशीला सांगते, "रिसर्च करतो." मावशी सोसायटीत सांगते, "तिथे प्रोफेसरच आहे जवळजवळ." हसू येतं, पण यात दोन नुकसानं आहेत. एक म्हणजे घरच्यांना खरी परिस्थिती कळतच नाही, आणि पुढे जाणाऱ्या धाकट्या भावंडांना चुकीची माहिती मिळते. दुसरं म्हणजे, ज्या कामाची आपल्याला लाज वाटते ते काम आपल्याकडे कोण करतं, याचा आपण कधी विचारच करत नाही. हॉस्टेलच्या मेसमधल्या मावशींना आपण ताट उचलून कधी देतो? बाथरूम साफ करणाऱ्या मामांचं नाव किती जणांना माहीत आहे? तेच काम परदेशात केलं की 'स्ट्रगल' आणि इथे केलं की 'हलकं काम', हा दुटप्पीपणा नाही तर काय?

खरं तर शिकता शिकता राबण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. वार लावून जेवणारे आणि माधुकरी मागून शिकणारे विद्यार्थी आपल्या पणजोबांच्या पिढीत होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी तर १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढून 'कमवा आणि शिका' हा शिक्षणाचाच भाग केला. त्यांच्या नावाची योजना आजही पुणे विद्यापीठात चालते. आणि परदेशाचंच म्हणाल, तर वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेत मजुरी करत शेतकी शिकले, गदर चळवळीत पडले आणि पुढे मेक्सिकोत मक्यावर संशोधन करणारे नामांकित कृषितज्ज्ञ झाले. जयप्रकाश नारायण १९२२ मध्ये अमेरिकेला गेले, त्यांनी द्राक्षांच्या मळ्यात आणि हॉटेलांत कामं करून सात वर्षं शिक्षण केलं. यांपैकी कोणाला 'लायब्ररीत काम करतो' असं सांगायची गरज पडली असेल असं वाटत नाही.

आपल्या वर्गातही सकाळी पेपर टाकून किंवा रात्री डिलिव्हरीची बाइक चालवून लेक्चरला येणारे मित्र आहेत. त्यांना टोपणनावं ठेवणारे आपणच, आणि उद्या मिशिगनच्या बर्फात पिझ्झाचे खोके उचलताना फोटो टाकणारेही आपणच. परदेशातल्या पार्ट-टाइमची तयारी करायची असेल तर ती या मित्रांशी नीट बोलण्यापासून करावी. वेळ कसा वाचवायचा, दमलेल्या अंगाने अभ्यास कसा करायचा, पैसा कसा पुरवायचा, हे ते कुठल्याही कन्सल्टंटपेक्षा चांगलं सांगतील.

तर जाणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती. कर्ज घेण्याआधी एका कागदावर हिशेब मांडा. पार्ट-टाइमच्या रकान्यात शून्य लिहा. त्या शून्यासकट निदान पहिलं वर्ष निभावत असेल, तर निर्धास्त जा. निभावत नसेल तर स्वस्त विद्यापीठ बघा, वर्षभर नोकरी करून पैसे जमवा, स्कॉलरशिपसाठी पुन्हा प्रयत्न करा, पण त्या शून्याच्या जागी खोटा आकडा लिहू नका. तिथे गेल्यावर मिळेल ते कायदेशीर काम आनंदाने करा. आलेल्या पैशांतून भाडं द्या, डाळ-तांदूळ आणा, जमलं तर आईला वाढदिवसाला साडी पाठवा. आणि घरी फोन कराल तेव्हा सरळ सांगा, "आई, मेसमध्ये भांडी घासतो. तासाला बारा डॉलर मिळतात. अभ्यास व्यवस्थित चाललाय."

दोन दिवस तिला वाईट वाटेल. पण बाबांना हप्त्याचा खरा हिशेब कळेल आणि तुमच्यामागून निघालेल्या धाकट्या बहिणीला त्या रकान्यात काय लिहायचं ते आपोआप समजेल.